हलू नका

सिडकोतल्या आमच्या पुढच्या खोलीत
शलाकानं ऊस लावला
तेव्हा मी जेवत होतो.
स्क्रीनवर पाण्याकाठी एक रांग, चौकोनी, हिरवी,
आणि मागे भिंतीत बसवलेले दगडी डोळे.
ऊस दोन ठोकळ्यांचा होईस्तोवर डोळे गप्प.
तिसरा फुटला की
डोळा मिचकतो,
लाल धुळीतून ठिणगी पळते,
दट्ट्या पुढे येतो, धप्प,
कांडं तुटून पाटात पडतं,
पाट ते वाहत नेतो नरसाळ्यात,
नरसाळ्याखाली पेटी.
हात कुणाचाच लागत नाही.

"हा तर आमचा सेन्सर," मी म्हणालो, घास हातातच,
"आणि हा सिलिंडर. टायमर कुठाय?"
वीजबिलाच्या पाठीवर तिला सर्किट काढून दिलं.
तिनं पेन्सिल घेतली
आणि माझ्या अर्ध्या वायरी खोडल्या.
"एवढं नाही लागत हो बाबा."
बावीस वर्षं अंबडला पॅनल भरतोय मी.
तिचंच बरोबर होतं.

त्या जगात द्राक्षं नाहीत.
मखमलाबादला मामाच्या मांडवाखाली
चालायला शिकलेल्या पोरीला
हे मान्य नव्हतं.
कुठल्याशा गुहेत म्हणे छताला वेल लोंबतात,
पिवळी फळं, अंधारात दिव्यासारखी.
ती समुद्र ओलांडून गेली,
तिकडच्या सात रात्री, इकडची एक दुपार,
आणि वेल घेऊन आली.
पांडवलेण्यांसारखा कोरलेला तिचा डोंगर,
त्यात पहिल्याच खोलीत मांडव घातला.
फळांचं नाव ठेवलं थॉमसन.

मग पेटी उघडली.
जाताना एक्केचाळीस ऊस होते.
आल्यावर एक्केचाळीस.

"बिघडलं का गं?"
"नाही बाबा. जवळ कुणी नसलं ना,
की तिथं काही वाढतच नाही.
ऊस थांबतो. पाणीसुद्धा थांबतं."
मी म्हटलं, मग ऑटोमॅटिक कशाला म्हणायचं याला?
ती हसली नाही.
"काम काहीच नाही करायचं.
नुसतं असायचं."

गेल्या दिवाळीनंतर
आम्ही एका बाटल्यांच्या लाईनला पॅनल बसवलं.
झाकणं आता आपोआप लागतात.
चौघं कमी झाले. त्यातले कडलग
गेटवर असतात, वहीत गाड्यांचे नंबर लिहितात.
त्या लाईनजवळ कुणी उभं असलं काय,
नसलं काय,
बाटली पुढे जाते.
ते पॅनल मी भरलेलं. एकही वायर सैल नाही.

शनिवारी शाळेची सहल होती, भंडारदऱ्याला.
बूट घालता घालता तिनं बजावलं,
कम्प्युटर चालू राहू दे, बाबा, मला कागद हवाय,
खूप कागद, नकाशांना.
माझ्यासाठी उसाच्या मधोमध
काचेची एक खोली बांधली होती.
एका माणसापुरती. आत दिवा.
समोर लाकडी पाटी:
बाबा, हलू नका.

मी हललो नाही.
म्हणजे तिथला मी.
इकडे मी चहा केला, मोटर लावली, टाकी भरली,
येऊन पाहिलं तर तसाच उभा,
चौकोनी हात, चौकोनी पोट.
दर दहा मिनिटांनी रात्र.
काचेला नाक लावून एक हिरवं भूत
बराच वेळ बघत राहिलं
आणि कंटाळून गेलं.
धप्प.
कुठेतरी एक कांडं पडलं.
मध्येच फोन: "उभे आहात ना?"
आहे गं.
धप्प. धप्प.
संध्याकाळी मोजले, तीनशे बारा.
चुकले असतील एक-दोन,
मला ते मोजायची सवय नाही.

रविवारी ड्यूटीवर आलो.
कडलगांनी वहीत गाडीचा नंबर लिहिला,
पेन कानामागे खोचलं.
"काय मग साहेब, काल सुट्टीत काय केलं?"
"उभा होतो," म्हटलं. "दिवसभर."
त्यांनी विचारलं नाही कुठे, कशासाठी.
स्वतः उठले
आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.